बेरजेत शून्य

लाप्सा म्हणजे कोल्हा. आमच्या कुल्दीगात
जुनी नाणी पारखणाऱ्या माणसाचं नेमकं हेच आडनाव,
म्हणून निघताना शेजारच्या झेल्मानं बजावलं होतं:
पहिला भाव ऐकलास की उठून चालू लाग.

पण त्यानं भाव सांगितलाच नाही.
हात धुतले, पुसले, मेजावर हिरवं बनात पसरलं,
आणि बाबांचा बिस्किटांचा डबा
आधी माझ्याकडूनच मोजून घेतला.
एकशे बारा. इथे सही करा, म्हणाला,
उद्या तुम्हाला माझा संशय नको, मला तुमचा.

मग दुपार उलटेपर्यंत
एकेक नाणं कडेनं उचलत राहिला,
झोपलेल्या बाळाचं नख कापावं तसं.

हे घासायचे का तुमचे वडील?
दर ईस्टरला. दंतमंजनानं. पाणी मी ओतायचे.
त्यानं भिंग खाली ठेवलं.
निम्मी किंमत त्या पाण्याबरोबर गेली, बाई.
रागावून नाही म्हणाला,
पण वाईट वाटू नये म्हणून आकडा वाढवलाही नाही.

पाच लाट्सची, चांदीची, तळहाताएवढी वाटायची लहानपणी.
तिघांच्या पाठीवर पिन डागलेली,
आत्या ती कोटावर लावायच्या, ओठ मिटून,
ज्या वर्षांत तेवढंच बोलता येत होतं.
ही ब्रूच म्हणून विका, नाणं म्हणून नको.

चौथं काट्यावर ठेवलं. उचललं. परत ठेवलं.
पंचवीस ग्रॅम हवं ते बावीसवरच अडलं.
फळीवर टाकून वाजवलं:
बद्द.

आपलंच नाणं खोटं, असं म्हणतात,
तेव्हा आपण बहुधा पोरांविषयी बोलत असतो.
मला त्या परक्या माणसासमोर बापाची लाज वाटली.
एक सायकल दिली होती त्यांनी याच्या बदल्यात,
वहीत तसं लिहिलेलं होतं.

लाप्सानं वही फिरवून माझ्यापुढे सरकवली.
सायकलीच्या ओळीवर काट. शेजारी शून्य.
तारीख, नाणं घेतल्यापासून अकराव्या दिवसाची.
पुढची चाळीस वर्षं, दर डिसेंबरला,
बेरीज मांडताना तिथे शून्यच धरलेला.
गिऱ्हाईक मिळालं असतं की, लाप्सा म्हणाला,
तेव्हा कोणाच्या घरी काटा होता?

मग त्यानं कागदावर तीन रकाने आखले.
आज मी काय देईन.
रीगाच्या लिलावात काय येऊ शकेल, येईलच असं नाही.
वितळवलं तर काय.
आणि सगळ्यांत खाली, त्याच अक्षरात, त्याच शाईत,
त्याचा स्वतःचा वाटा, शेकडा दहा.
अकरा नाणी रीगाला निघाली. बाकीची त्यानं घेतली.
ते एक कागदाच्या पुडीत बांधून माझ्या हातात दिलं:
हे मी विकत नाही. तुम्हीही विकू नका.

बाहेर व्हेंटा नदी विटांच्या पुलाखालून
नेहमीसारखी रुंद, उथळ, कशाचाच हिशेब न ठेवणारी.

दाइगाला कळवलं. ती लिंकनशायरात कोबी भरते खोक्यांत,
रात्रपाळी. तिचं उत्तर दोन ओळींचं:
सगळं विकून टाक. निम्मं निम्मं. मला काही नको त्यातलं.
पहाटे चारला पुन्हा फोन उजळला:
दाताची खूण असलेलं गेलं का?

मी पुडी सोडली. काठावर, अक्षरांच्या जरा खाली,
दोन बारीक खळगे. तिचे, की माझे.
ताप आला की बाबा एवढंच एक नाणं हातात द्यायचे,
गार, जड, आणि कितीही चावलं तरी
रागवायचे नाहीत.

पैसे सेंटपर्यंत बरोबर वाटले. एक सेंट उरला, तिला दिला.

पोस्टात बाईनं कस्टमचा फॉर्म पुढे केला.
वस्तू? नाणं. किंमत?
शून्य, मी लिहिलं.
शून्य चालत नाही, ती म्हणाली, मशीन घेत नाही.
मागे रांग होती.
मी बराच वेळ पेन धरून उभी राहिले,
आणि शेवटी लिहिलं:
एक सायकल.